पाळण्याच्या लाकडाचं पेन

"तुम्ही पेनं करा, फोटो मी काढते," असं मी म्हणाले आणि तिथंच फसले.

आमचे हे, म्हणजे आमच्या तान्ह्या माऊलीचे पप्पा, दिवसभर कारखान्यात लेथवर काम करतात आणि घरी आले की मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर लाकडाची शाईपेनं करतात. वरून लाकूड, आत शाईची नळी, पुढं निब. मस्तगडातल्या आमच्या गल्लीत या कामाला 'नाद' म्हणतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "सोताला पोरगं झालं, तरी याचं खेळणं सुटंना." हे ऐकून हे हसतात. पण हसताना यांचे कान लाल होतात, ते मला दिसतं.

अशात पुण्याहून मेसेज आला. राजानंद सर म्हणून शाईपेनांचे एक दुकानदार आहेत, त्यांना यांनी पेनांचे फोटो पाठवले होते. त्यांनी लिहिलं होतं, "पेनं आवडली. पण हातानं केलेली पेनं गळतात, असा माझा अनुभव आहे. शाई भरा, पांढऱ्या कापडावर आडवं ठेवा आणि फोटो पाठवा. कापड कोरं दिसलं तर दुकानात ठेवतो."

यांनी मोबाइल मला दाखवला, परत घेतला, परत दाखवला. तेव्हाच मला कळलं की हा माणूस आज जेवणार नाही.

यांच्या फोटोत नेहमी अंगठा येतो. माझ्या मोबाइलमध्ये मात्र माऊलीचे इतके फोटो आहेत की तो 'जागा नाही' म्हणून रोज रडतो. मग अनुभव कोणाला? मलाच. (शाईपेनाचा अनुभव विचाराल, तर सातवीत बाईंचं पेन एकदा हातात घेतलं होतं. माझी शाळा सुटली, पण फ्रॉकवरचा डाग नाही सुटला.)

त्यात काळजी माझ्या पाचवीला पुजलेली. माऊलीनं शाई चाटली तर? निब डोळ्याला लागली तर? म्हणून पाळणा आधी आत्याबाईंच्या खोलीत ढकलला आणि मगच शाईची दौत उघडली.

फोटोसाठी सगळ्यात देखणं पेन निवडलं. माझ्या वडिलांनी टेंभुर्णीहून माऊलीसाठी सागवानी पाळणा पाठवला होता. त्यातला एक दांडा जास्तीचा निघाला, त्याचंच यांनी हे पेन केलेलं. मला तर ते माऊलीचा धाकटा भाऊच वाटतं.

उजेड चांगला म्हणून गच्चीवर गेलो, ऐन दुपारी. शाई वाया कशाला घालवा म्हणून मी नळी अर्धीच भरली. माऊलीचं नवं पांढरं दुपटं अंथरलं, पेन आडवं ठेवलं आणि मोबाइल नीट धरेपर्यंत दुपट्यावर रुपयाएवढा निळा डाग.

"गळलं की हो."

"गळलं न्हाई. उन्हानं आतली हवा फुगली, तिनं शाई भाईर ढकलली. नळी अर्धी रिकामी व्हती ना."

"म्हंजी बाटलीचं दूध पेल्यावर माऊली करतो तसं?"

"कसं?"

"दुधासंगं हवा पोटात जाती. लगीच आडवा केला की वकतो."

यांनी पेन उचलून सावलीत धरलं. "बराबर," म्हणाले.

"मंग ह्याचा ढेकर काढा."

खाली आलो. सावलीत बसून नळी काठोकाठ भरली, निब वर करून पेन उभं धरलं, हाताची ऊब लागू दिली, निबेवर आली तेवढी शाई फडक्यानं टिपली. या सगळ्यात माझ्या नकळत मी पेन खांद्याला लावून थोपटायला लागले होते. दारातून आत्याबाई म्हणाल्या, "कोनाला थोपटून राह्यली गं?"

"पेनाला, आत्याबाई."

आत्याबाई पुढं आल्या, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि गेल्या.

पण दुपट्याच्या कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं, तर थेंब नाही. चांगलं चहा होईपर्यंत ठेवलं, तरी नाही. फोटोत तर पेन इतकं देखणं दिसलं की माझीच नजर लागावी. आता याला सगळं पुणं बघणार. माऊलीला मी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा तीट लावल्याशिवाय नेत नाही, आणि याला असंच पाठवू? हे चहा पीत होते, तेवढ्यात काजळाचं बोट टोपणाखाली हळूच टेकवलं, परत फोटो काढला आणि तोच पाठवला. (काजळ घरचं, तुपातलं. उन्हाळ्यात ते पसरतं, हे मला माऊलीच्या गालावरून माहीत होतं. तरीही.) मग पेन फडक्यात गुंडाळून ठेवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. "टोपणाखाली शाई आलेली दिसते. वाईट वाटतं, पण जमणार नाही."

यांनी फडकं सोडून पेन उजेडात धरलं. काजळ फडक्यालाच पुसून गेल्तं. टोपण काढलं, लावलं, आटे पुसले, भिंग लावून बघितलं. "कुठून आली शाई, तेच कळंना." मग उठले आणि लेथवर प्लास्टिकचा कागद झाकला. गावाला जातानाच झाकतात तो.

"आई खरं म्हनती," म्हणाले. "खेळनंच हाये हे."

माझ्यानं राहवेना. "अहो, ती शाई न्हाई. तीट हाये."

"तीट? पेनाला?"

"माऊलीचा भाऊ हाये ना तो. नजर लागली असती."

मला वाटलं आता चिडतील. यांनी कागदाचं एक टोक धरलं. कान लाल झाले होते, पण नेहमीसारखे नाही.

मागून आत्याबाई आल्या आणि कपाटातली, फक्त पाहुण्यांसाठी निघणारी पांढरी चादर माझ्या हातात दिली. "घे. काढ परत. तुहं चुकलंय ना, मंग तूच निस्तर."

पेनाचा पुन्हा ढेकर काढला. चादरीवर पेन ठेवलं, शेजारी माऊलीला ठेवलं. फोटो काढला आणि आवाजाचा मेसेजही पाठवला. "सर, मी तृप्ती, पेनवाल्याची बायको. तुम्ही बघितला तो डाग काजळाचा हाये, मीच लावला. शेजारी लेकरू हाये, त्याच्या गालावर तसलाच डाग बघा. ह्या दोघायला मीच सांभाळते. पेन भरलेलं हाये. चादर बिलकुल कोरी हाये, मोठी करून बघा."

सरांनी मोठी करून बघितली. उत्तर आलं, "काजळ पटलं. पेन कोरडं आहे, तेही पटलं. सगळी पेनं पाठवून द्या. फक्त फोटोतला दुसरा माल तपासा. तो गळतो आहे."

मी फोटो मोठा केला. पेनाखाली चादर दुधासारखी पांढरी. माऊलीखालून मात्र ओल निघाली होती आणि ती आपल्या भावाच्याच दिशेनं चालली होती.

हे लेथवरचा कागद काढता काढता हसत खालीच बसले. आत्याबाई चादर उचलून न्हाणीकडं गेल्या. दिवसभर ती निब मी इतक्यांदा पुसली होती. लंगोट बांधायचा तेवढा राहून गेल्ता.