साहेब आत आहेत

अंबरनाथच्या कुलपांच्या कारखान्यात चिंतामणराव टिपणीस मॅनेजर झाले त्याला एक पावसाळा उलटून गेला होता, पण जुनं काम त्यांच्या हातून काही सुटलं नव्हतं. पूर्वी ते तपासनीस होते. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक कुलूप त्यांच्या हाताखालून जायचं आणि त्यांनी पास केलेलं कुलूप कधी परत आलं नव्हतं. याच गुणावर मालकांनी त्यांना मॅनेजर केलं. चिंतामणरावांनी त्याचा अर्थ असा घेतला, की आता कुलपांबरोबर माणसंही तपासायची.

"मला विचारल्याशिवाय कुणी काही करायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग रोज त्यात भर पडत गेली. स्टोअरच्या खोलीचं दार उघडं दिसलं की आधी कुलूप लावायचं, मग चौकशी करायची. गिऱ्हाइकाशी कुणी बोलायचं नाही. मॅनेजरनं समोर उभं राहून सांगितल्याशिवाय कामाच्या वेळात फाटकाबाहेर कुणाला सोडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडचा निरोप तर मुळीच मानायचा नाही.

पॅकिंगमधल्या पुतळाबाई मांजर्ली गावच्या. तोंडानं फटकळ. एकदा त्या हातातलं काम टाकून थेट टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, शिंक येतेय. शिंकू का?"

चिंतामणरावांना राग आला नाही. ते "हो, हो," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. माणूस मुळात वाईट नव्हता. संध्याकाळी सगळे गेले की एकटा बसून दुसऱ्यांची राहिलेली कामं करायचा आणि अंधार पडताना सायकलीवरून बदलापूर गावातल्या घरी जायचा. त्याला फक्त सारखी धास्ती असायची, की आपली नजर हलली की काहीतरी बिघडणार.

दिवाळीच्या तोंडावर ही धास्ती फारच वाढली. माल पडून होता. मुंबईहून मालक येऊन सांगून गेले होते, "कॅम्पातले व्यापारी लोकूमल शेठ नवं कुलूप बघायला येणार आहेत. त्यांची ऑर्डर मिळाली तर ठीक. नाहीतर पॅकिंगच्या बायका कमी कराव्या लागतील."

हे चिंतामणरावांनी कुणालाही सांगितलं नाही. माणसं घाबरतील आणि कामात चुका करतील, असं त्यांना वाटलं. त्यापेक्षा आपण एकट्यानं घाबरलेलं बरं.

नवं कुलूप दाबाचं होतं. बंद करायला किल्ली लागत नव्हती, नुसतं दाबलं की बसायचं. नमुन्याचं एकच कुलूप तयार झालं होतं आणि त्याची किल्लीही एकच होती. दुसरी किल्ली घासायला फिटर चंदरनं दोनदा परवानगी मागितली, पण चिंतामणराव म्हणाले, "थांब, आधी मी तपासतो." तपासण्यासाठी ते कुलूप घरी घेऊन गेले, रात्री उघडझाप करून बघितलं आणि किल्ली काळ्या कोटाच्या खिशात टाकली. सकाळी घाईत अंगावर चढला तपकिरी कोट.

कारखान्यात आल्यावर त्यांनी कुलूप स्टोअरच्या दाराच्या कडीत नुसतं उघडं अडकवलं. शेठना येताक्षणी दिसावं, हा हेतू. मग नमुन्यासाठी चांगल्यातला चांगला खोका निवडायला ते स्वतः आत गेले. हे काम पॅकिंगमधली वेणू रोज करायची, पण आजचा दिवस वेगळा होता.

चंदर तिथून चालला होता. त्याला दार उघडं दिसलं. त्यानं ते ओढून घेतलं, कडी लावली आणि कुलूप दाबलं. खट्.

"कोण आहे रे?" आतून आवाज आला.

"मी चंदर, सायेब. दार उघडं होतं. लावलं."

"अरे, मी आत आहे!"

बाहेर कुलूप ओढून बघितल्याचा आवाज आला. मग चंदर अदबीनं म्हणाला, "मग आता काय करू, सायेब?"

"किल्लीनं उघड! ही घे, झरोक्यातून देतो." चिंतामणरावांनी खिशात हात घातला. खिशात अडकित्ता निघाला, रुमाल निघाला. हात तसाच खिशात ठेवून ते खाली खोक्यावर बसले. "चंदर, किल्ली घरी आहे. बदलापूरला. माझी सायकल घे आणि पळ."

चंदर सायकल घेऊन फाटकाशी गेला आणि तसाच परत आला.

"फाटकावरचा बाळाजी सोडत नाय. बोलतो, सायेब समोर उभे राहून सांगू देत."

"त्याला म्हणावं, मी आत अडकलोय!"

"सांगितलं. बोलतो, निरोप मानायचा नाय, असं सायबांनीच सांगितलंय."

"मग त्याला इथं बोलाव. मी आतून सांगतो."

चंदर पुन्हा गेला आणि पुन्हा आला. "बोलतो, फाटक सोडून हलायचं असेल तं सायबांनी समोर उभं राहून सांगाया पायजे."

चिंतामणरावांनी डोळे मिटले. बाळाजीला हे सगळं त्यांनीच तीनतीनदा पाठ म्हणायला लावलं होतं.

तेवढ्यात पुतळाबाई आणि वेणू दारापाशी आल्या. "पहार आना न् फोरा ता कुलूप," पुतळाबाई म्हणाल्या.

"नाही!" आतून जवळजवळ किंकाळीच आली. "नमुना एकच आहे! तो फुटला तर शेठना दाखवू काय? ऑर्डर गेली तर तुम्हा बायकांची नोकरी जाईल!"

पुतळाबाई दाराजवळ सरकल्या.

"कंची नोकरी?" पुतळाबाईंनी हळूच विचारलं.

चिंतामणरावांनी मग दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. अंधारात, समोर कुणाचा चेहरा दिसत नसताना, ते सांगणं त्यांना वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं.

"ह्ये आधी का नाय सांगितलं?" पुतळाबाईंचा आवाज चढला. "आमचं प्वाट, न् आमालाच ठावं नाय?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"न् आता काय नाचताव का आमी?"

इतक्यात फाटकाशी लोकूमल शेठचा ट्रक येऊन उभा राहिला. आत येणाऱ्यांबद्दल बाळाजीला काहीच हुकूम नव्हता. त्यानं फाटक सताड उघडलं.

लोकूमल शेठ अंगानं भरलेले आणि आवाजानं मोठे. "मॅनेजर साईं किधर है?"

गिऱ्हाइकाशी बोलायची कुणाला सवय नव्हती. चंदर वेणूकडे बघू लागला, वेणू पुतळाबाईंकडे. पुतळाबाईंनी पदर खोचला.

"सायेब आत हायत."

"तो बाहेर बुलाव ना, बाई."

"कुलूप लावलंय. नवीन कुलूप. तुमाला दावायला."

लोकूमल शेठनी कुलूप हातात घेतलं, खेचलं, उलटसुलट करून पाहिलं. मग दाराकडे तोंड करून ओरडले, "साईं! सचमुच अंदर हो?"

"नमस्ते, शेठजी," आतून क्षीण आवाज आला. "जरा स्टॉक बघत होतो."

"मैं तोडके देखूं?"

आत चिंतामणरावांनी हिशेब मांडला. कुलूप तुटलं तर आपण सुटू आणि ऑर्डर बुडेल. नाही तुटलं तर ऑर्डर मिळेल आणि आपण इथंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काय सांगावं ते सुचेना. "चंदर," ते म्हणाले, "तू ठरव."

चंदर दचकला. मग म्हणाला, "तोडा, शेठ. बघा तुटतं का."

शेठनी हातोडा मागवला आणि घाव घातले. ते दमल्यावर त्यांच्या ड्रायव्हरनं घातले. कुलपाला चरे पडले, पण ते सुटलं नाही. घाम पुसता पुसता शेठ म्हणाले, "अच्छा, ताला ठीक है. दिवाली से पहले सब माल दोगे?"

आत चिंतामणरावांच्या ओठांवर "देऊ, देऊ" आलंच होतं. आजवर त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं आणि मग रात्र रात्र जागून निस्तरलं होतं. पण त्यांच्या आधी वेणू बोलली.

"सगळा नाही होणार, शेठ. अर्धा देऊ."

"अर्धा? फिर मैं दुकानवालों को क्या बोलूं?"

"बाकीचा देवदिवालीला," पुतळाबाई म्हणाल्या. "घाईत केला तं पॉलिश सुटंल. मंग तुमीच येशाल भांडायला."

"बाई, तू बहुत कडक है."

"कडक नाय. खरं सांगते."

चिंतामणराव कपाळाला हात लावून बसले. गेली ऑर्डर, असं त्यांना वाटलं. बाहेर मात्र शेठ मोठ्यानं हसत होते. "ठीक है, बाबा. झूठा वादा सुनके मेरा कान पक गया है. अर्धा अभी, अर्धा बाद में. अब साईं को निकालो."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चंदरनं मान खाली घालून सांगितलं, "किल्ली बदलापूरला हाय, शेठ."

ड्रायव्हरनं ट्रकमधली पहार आणली, कडीत घातली आणि सगळा भार टाकला. लाकूड कडाडलं. कुलूप जसंच्या तसं राहिलं; कोयंडाच चौकटीतून ढलपीसकट उपटून निघाला. दार उघडलं. मिशीला कोळीष्टक लागलेले चिंतामणराव हातात निवडलेला खोका घेऊन उजेडात आले.

लोकूमल शेठनी त्यांना मिठीच मारली. "वाह, साईं! खुद को अंदर बंद करके ताला दिखाया! बहुत कारखाने देखे, ऐसा भरोसा नहीं देखा. ताले पर भी, आदमियों पर भी."

"नाही हो, शेठजी, मी तर चुकून..." चिंतामणरावांनी प्रामाणिकपणे सुरुवात केली. पुतळाबाई इतक्या जोरात खोकल्या, की पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंदर टेबलापाशी आला. "सायेब, स्टोअरच्या दाराला नवा कोयंडा लावू का?"

"मला काय विचारतोस?" चिंतामणराव म्हणाले.

साहेब रागावले, असं वाटून चंदर तिथंच उभा राहिला. चिंतामणरावांना त्याला दोनदा समजावावं लागलं, की हे वाक्य रागाचं नव्हतं. जमायला त्यांनाही वेळ लागला. चंदर कोयंडा बसवत होता तेव्हा ते तीनदा उठले आणि तीनदा खाली बसले. पण बसले.

दिवाळीचा माल वेळेवर गेला. मग मालक आले, अतिशय खुशीत. लोकूमल शेठनी सगळी हकीकत त्यांना मुंबईला जाऊन ऐकवली होती. "टिपणीस, काय डोकं लढवलंत! पुढच्या आठवड्यात कल्याणचे व्यापारी येतायत. त्यांनाही तसंच दाखवा."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आत बसा."

खरं काय ते सांगायला चिंतामणरावांनी तोंड उघडलं, समोर बसलेल्या मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

कल्याणचे व्यापारी आले त्या सकाळी ते वर्तमानपत्र, चहाचा थर्मास आणि बसायला उशी घेऊन स्टोअरमध्ये गेले. "चंदर, लाव," म्हणाले. बाहेर हातोड्याचे घाव पडले, बोलणी झाली, पुतळाबाईंचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. एकदा कुणीतरी हसलं. चिंतामणरावांनी झरोक्याच्या उजेडात अग्रलेख शेवटपर्यंत वाचला. मॅनेजर झाल्यापासून हे त्यांना प्रथमच जमलं होतं.

बऱ्याच वेळानं कुलपात किल्ली फिरली आणि दार किलकिलं झालं.

"सायेब, ऑर्डर मिळाली. मानसं गेली. भायेर या."

"चंदर," चिंतामणराव पान उलटत म्हणाले, "काही अडलंय का माझ्यावाचून?"

चंदरनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाय, सायेब."

"मग जरा वेळानं ये. आणि जाताना दार लावून घे."