मंडळाच्या सौजन्याने कुंपणाला भोक

एका जंगलात वाघ नव्हता, मुलांनो. त्यामुळे तिथे मंडळं फार होती.

वाघ असला की जो तो आपापल्या जिवाचं बघतो. वाघ नसला की दुसऱ्याच्या कल्याणाकडे बघायला वेळ मिळतो.

आमचं मंडळ त्यातलंच एक. 'वनराज क्रीडा मंडळ'. वनराज आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, पण नाव कसं भारदस्त हवं. मंडळ ना नफा तत्त्वावर चालायचं. नफा कसा करतात हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते तत्त्व आम्हाला सोपं गेलं.

अध्यक्ष होते आबासाहेब गवा. ते एकदा भाषणाला उभे राहिले की त्यांना खाली बसवणं कुणाला जमायचं नाही. म्हणून दरवर्षी तेच अध्यक्ष. चिटणीस होते साळिंदरराव. लेखणी मागायला त्यांना कुणाकडे जावं लागत नसे. अंग झटकलं की एक गळायची.

खेळाडू म्हणाल तर गुंडू रानडुक्कर. कबड्डीत तो चढाईला निघाला की समोरचा संघ त्याला धरायच्या भानगडीतच पडायचा नाही. सगळे बाजूला व्हायचे. त्यामुळे आम्ही जिंकायचो, आणि गुंडूला एकदा सुटल्यावर थांबता येत नाही ही गोष्ट कुणाच्या लक्षात यायची नाही.

आणि मी लांडोर. महिला विभागाची प्रमुख. रांगोळी, औक्षण, स्वागतगीत आणि पोहे. खेळाशी माझा संबंध एवढाच. पण मंडळाचा टी-शर्ट मलाही मिळाला होता. त्यात पंख अडकायचे. तरी मी तो प्रत्येक कार्यक्रमाला घालायचे.

आता मैदानाचं सांगते. ते आमचं नव्हतं. ते वस्तीचं होतं. सशांनी, हरणांनी आणि कासवांनी मिळून त्यातले दगड वेचले होते. "पोरं खेळतील," असं म्हणून त्यांनी ते मंडळाच्या ताब्यात दिलं होतं. मैदानाच्या पलीकडे तळं. वस्तीतून तळ्यावर जायची पायवाट मैदानातूनच जायची.

मैदान मिळाल्यावर मंडळाने पहिलं काम काय केलं असेल, सांगा बघू?

बरोबर. कुंपण घातलं. बांबूचं, काटेरी, दाट. वस्तीच्या बाजूला एक फाटक ठेवलं आणि त्याला कुलूप लावलं. मैदान राखायला नको का? पोरं खेळायला आली की मैदान खराब होतं.

त्या दिवसापासून सगळी वस्ती कुंपणाला भला मोठा वळसा घालून पाण्याला जाऊ लागली. आम्हीही वळसाच घालायचो. नियम म्हणजे नियम.

आबासाहेबांचं एक आवडतं वाक्य होतं. "आपण समाजाचं काही देणं लागतो." हे म्हणताना त्यांचा गळा दाटून यायचा. ऐकताना माझाही यायचा. मग आम्ही दर वर्धापनदिनाला समाजाला काहीतरी द्यायचो.

एका वर्षी हरणांना टोप्या दिल्या. शिंगांनी फाटल्या. एका वर्षी रक्तदान शिबिर घेतलं. त्याला फक्त डास आले, आणि तेही घ्यायला. आम्ही त्यांना प्रमाणपत्रं दिली. एका वर्षी वृक्षारोपण केलं. जंगलात रोप लावायला मोकळी जागा सापडेना, म्हणून आधी थोडी झाडं तोडावी लागली. फोटो काढायला वटवाघूळ असायचं. त्यामुळे मंडळाच्या प्रत्येक अहवालात आम्ही सगळे उलटे टांगलेले दिसतो. पण हार मात्र स्पष्ट दिसतात.

तर त्या वर्षी समाजाला काय द्यावं, यावर बैठक बसली होती. तेवढ्यात गोदाक्का आली. गोदाक्का म्हणजे वस्तीतली म्हातारी कासवीण. सकाळी निघालेली, बैठक निम्मी झाल्यावर पोचली.

"आबासाहेब, वाटताय म्हणून ऐकलं," ती म्हणाली. "मलाही एक हवंय."

"बोला गोदाक्का. मंडळ आपलंच आहे."

"तळ्याच्या बाजूनं कुंपणाला एक भोक पाडून द्या. माझी पाठ मावेल एवढं."

"भोक?" साळिंदररावांची लेखणी थांबली.

"तुमच्या लांब उडीच्या वाळूत माझी अंडी आहेत. आमच्या घरच्या बायका पहिल्यापासून तिथंच अंडी घालतात. तुमची उडी मागनं आली. आता पोरं बाहेर पडतील. तळं तिथनं समोर दिसतं. पण मधे तुमचं कुंपण. फाटकाखालनं बाहेर पडून वळसा घालायचा म्हटलं तर पोरांचा दिवस जातो. वर घारी. गेल्या वर्षी माझं एकसुद्धा पोर पाण्याला लागलं नाही."

मला फार वाईट वाटलं. मला वाईट लगेच वाटतं. मी तिला पोहे दिले.

"मागणी रास्त आहे," आबासाहेब म्हणाले. "पण चिटणीस, भोक हा उपक्रम होतो का?"

"अवघड आहे, आबासाहेब," साळिंदरराव म्हणाले. "भोकाचं वाटप करता येत नाही. भोक हातात धरून फोटो काढता येत नाही. शिवाय भोक म्हणजे तिथे काहीच नसणं. काही नसण्याचं उद्घाटन कसं करणार?"

"तिथं काही नसावं, म्हणूनच मागतेय की," गोदाक्का म्हणाली.

"आणि त्या कुंपणाचं आपण रीतसर उद्घाटन केलेलं आहे. त्याला भोक पाडलं तर त्या वेळच्या पाहुण्यांना काय वाटेल?"

कोपऱ्यातून गुंडू उठला. "मी पाडू का? आत्ता पाडतो."

"खाली बस!" आबासाहेब गरजले. "ठराव झाल्याशिवाय मंडळात काही पाडायचं नाही."

गुंडू बसला. मग ठराव झाला. ते वर्ष 'कासव कल्याण वर्ष' म्हणून साजरं करायचं. वर्धापनदिनाला गोदाक्काचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. आणि प्रत्येक पिल्लाला मंडळातर्फे एक-एक द्रोण पाणी द्यायचं.

"पिल्लांनी तळ्यावर जायचंच कशाला?" आबासाहेबांचा गळा दाटून आला. "आपण तळं त्यांच्या दारी नेऊ!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

"द्रोणात कासव वाढत नाही, आबासाहेब," गोदाक्का म्हणाली.

"सुरुवात तर होऊ द्या, आक्का."

ती वळली आणि चालू लागली. ती फाटकापाशी पोचेपर्यंत आमचे पोहे खाऊन झाले होते.

मग प्रमुख पाहुण्यांचा विषय निघाला. साळिंदररावांनी शेजारच्या जंगलातल्या बिबट्याचं नाव सुचवलं.

"आं?" ससे सभासद उठून उभे राहिले.

"घाबरू नका हो. एवढी मोठी माणसं येत नसतात. आयत्या वेळी निरोप येतो, की काही अपरिहार्य कारणामुळे जमत नाही. पण फ्लेक्सवर नाव येतं ना! वस्तीवर वजन पडतं."

हे सगळ्यांनाच पटलं. मलाही पटलं. मी तर त्यांच्या नावाची कडवी घालून स्वागतगीतही बसवलं.

वर्धापनदिन उजाडला. फाटकाचं कुलूप काढलं. लांब उडीच्या वाळूशेजारी मांडव घातला. मी मोराची रांगोळी काढली. गोदाक्काला खुर्चीवर बसवता येईना, म्हणून खुर्ची तिच्या शेजारी ठेवली. तिच्या पाठीवर शाल घातली आणि शालीवर नारळ ठेवला. नारळ पडू नये म्हणून तिला हलू नका असं सांगितलं. द्रोण भरून ओळीनं मांडले.

तेवढ्यात शेजारी वाळू हलली. एक इवलंसं डोकं वर आलं. मग दुसरं. वर आकाशात घारी जमू लागल्या.

"आबासाहेब," गोदाक्का म्हणाली, "पोरं निघाली."

"छान! वाटपाला अगदी वेळेवर. पण आधी पाहुण्यांचा निरोप येऊ द्या."

निरोप आला नाही, मुलांनो. पाहुणे आले.

आणि वेळेवर आले. इतक्या वर्षांत आमच्याकडे कुणी पाहुणा वेळेवर आलेला नव्हता. त्यामुळे अशा पाहुण्याचं काय करायचं असतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. फाटकातून बिबट्या आत आला. मी औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाले. निरांजन इतकं हलत होतं की ते विझलं. बिबट्याने माझ्याकडे पाहिलं. मग पोह्यांकडे पाहिलं.

"पोहे घेणार?" मी विचारलं.

"नंतर बघू," तो म्हणाला.

आमच्याकडे एक रीत आहे. खेळाडूंना रांगेत उभं करायचं आणि पाहुण्यांनी रांगेपुढून जात एकेकाची ओळख करून घ्यायची. ही रीत रद्द करावी, असं त्या क्षणी कुणाला सुचलं नाही. रीत ती रीत. बिबट्या रांगेपुढून चालू लागला. प्रत्येकापुढे थांबायचा. हुंगायचा. पुढे जायचा. गुंडूपुढे आला आणि तिथेच थांबला.

"हा कोण?"

"हा आमचा गुंडू. मंडळाची शान!" आबासाहेब म्हणाले.

"भरलेला दिसतोय."

"भरपूर!"

"रोज पळतो का?"

"रोज! पहाटे, संध्याकाळी."

"बरं झालं," बिबट्या ओठ चाटत म्हणाला. "मग चरबी कमी असेल."

गुंडू सुटला.

तो सुटला तो नाकासमोर. समोर मांडव होता, तो गेला. फ्लेक्स होता, तो त्याने अंगावर घेतला. मग कुंपण आलं. गुंडूला थांबता येत नाही हे मी सांगितलंच आहे. मोठा आवाज झाला, बांबू उडाले, आणि गुंडू आरपार तळ्यात जाऊन पडला.

"कार्यक्रम संपला!" आबासाहेब म्हणाले आणि पळाले. त्यांचं इतकं छोटं भाषण आम्ही कधी ऐकलं नव्हतं. साळिंदरराव पळताना मागे एवढ्या लेखण्या पडल्या की एखादी शाळा चालली असती. मी मैदानाकडेच्या वडाकडे झेपावले. टी-शर्टमुळे नीट उडता आलं नाही. कशीबशी खालच्या फांदीवर बसले. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

मैदानात एकटी गोदाक्का उरली. पाठीवर शाल, शालीवर नारळ. बिबट्याने तिच्या पाठीवर पंजाने टकटक केलं.

"तुम्ही कोण?"

"सत्कारमूर्ती."

"तुम्ही पळाला नाहीत?"

"मी पळायला लागले, तर बघायला थांबाल का तुम्ही?" गोदाक्का म्हणाली. तिने पाठ हलवली. नारळ घरंगळला, शाल मागे राहिली. "जरा सरा बाजूला. पोरांच्या वाटेत उभे आहात."

बिबट्याने खाली पाहिलं. वाळूतून पिल्लांची एक रांग निघाली होती. सगळी त्या भोकाच्या दिशेने.

"ही तर दातांत अडकतील," तो पुटपुटला. तो दोन पावलं सरकला आणि तिथेच बसला.

वर घारी घिरट्या घालत होत्या. खूप होत्या. पण खाली बिबट्या बसला होता, आणि घारींना त्याच्या शेजारी उतरायची इच्छा दिसेना. पिल्लं द्रोणांच्या मधून गेली. एक पिल्लू माझ्या रांगोळीत शिरलं आणि हिरवं होऊन बाहेर आलं. मग एकेक करत सगळी भोकातून पलीकडे गेली. हिरवं सगळ्यांत शेवटी गेलं. पाण्यात टपकन आवाज झाला. गोदाक्का भोकापाशी उभी होती. आवाज ऐकल्यावर तिने डोकं आत घेतलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

मला तेव्हा गीत म्हणावंसं वाटलं. पण माझ्याकडचं गीत पाहुण्यांचं होतं.

जाताना बिबट्याने पोहे खाल्ले. सगळे. माझ्या पोह्यांना मिळालेली ती पहिलीच दाद.

संध्याकाळपर्यंत मंडळ परत जमलं. आबासाहेबांनी भोक पाहिलं. भोकापर्यंत गेलेल्या चिमुकल्या पावलांची नक्षी पाहिली. त्यांचा गळा दाटून आला.

"चिटणीस, लिहा. मंडळाने कासवांसाठी तळ्यापर्यंत थेट मार्ग उपलब्ध करून दिला."

"पण आबासाहेब, ठराव?"

"मागच्या तारखेचा करा."

गुंडूच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यावर कुंकू लावून आम्ही त्याला 'समाजभूषण' दिलं. भोकावर नवा फ्लेक्स लागला: 'कासव मार्ग. सौजन्य, वनराज क्रीडा मंडळ'. आणि साळिंदररावांच्या लक्षात आलं की काही नसण्यालाही फीत बांधता येते. दोन्ही बाजूंना मोडके बांबू होतेच. त्यांनी लाल फीत ताणून बांधली.

आता ती कापायची कुणी? मोठा पाहुणा हवा. मोठा पाहुणा एकच, आणि त्याला आमंत्रण द्यायला कुणी जायला तयार नाही. फीत कापल्याशिवाय मार्ग सुरू करता येत नाही.

म्हणून ती फीत अजून तशीच आहे, मुलांनो.

गोदाक्का तिच्या खालून जाते, रोज. फाटकाची कडी त्या गडबडीत तुटली ती तुटलीच, म्हणून वस्तीही आता मैदानातूनच पाण्याला जाते. हरणं फितीवरून उडी मारतात. सशांची पोरं तर दिवसभर फितीवरून इकडून तिकडे उड्या मारत असतात, आणि त्यांतली काही आता फार लांब मारतात. मंडळाने इतक्या वर्षांत तयार केले नव्हते, तेवढे खेळाडू त्या फितीने तयार केले.

आम्ही सभासद मात्र अजून कुंपणाला वळसा घालून पाण्याला जातो. परवाच, भर उन्हात, मी भरलेली घागर घेऊन परत चालले होते. भोकापाशी गोदाक्का भेटली.

"अगं लांडोरबाई, एवढी दमतेस कशाला? ये की फितीखालनं."

"कसं येऊ, आक्का?" मी म्हटलं. "अजून उद्घाटन व्हायचंय."

तात्पर्य: समाजाला काही द्यायची इच्छा असेल, तर आधी त्याच्या वाटेत भक्कम कुंपण घालावं. म्हणजे पुढेमागे त्याला भोक देता येतं. आणि प्रमुख पाहुणा शक्यतो भुकेला बोलवावा. मंडळाच्या हातून जे होत नाही, ते कधीकधी त्याच्या भीतीने होतं.