साळिंदरांच्या गालिच्यावरचा डाग

एका जंगलात, बाळांनो, गालिच्यांची साथ आली होती. पहिला गालिचा अस्वलाने आणला. मग कोल्ह्याने आणला. पंधरा दिवसांत गालिचा नाही असं एकही बीळ उरलं नाही. बिळाला गालिचा कशाला, असं कुणी विचारलं नाही. विचारायला वेळ कुणाला होता? सगळे गालिचा झाडत होते.

नदीकाठच्या बिळात साळिंदरांचं घर होतं. आई, थोरला दगडू आणि धाकटा बारकू. त्यांचा गालिचा दारापासून चुलीपर्यंत पसरलेला, म्हणजे नेमका सगळ्यांच्या पायाखाली. बारकूचा त्यावर भारी जीव. दारात बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय तपासायचा.

एका सकाळी दगडू कंद खणून चिखलाच्या पायांनी घरात शिरला.

"दादा, पाय पूस की. म्हशीसारखा काय शिरतोस?"

दगडू हसला. धाकट्याला चिडवायला म्हणून त्याने चुलीपाशी एक पाऊल मुद्दाम दाबून उमटवलं आणि पुन्हा बाहेर पडला. जंगलातून माणसांचा डांबरी रस्ता जायचा. त्या रस्त्यावर एक गाडी भरधाव आली. दगडू परत आला नाही.

पाऊल तेवढं राहिलं. ते वाळलं. चार बोटं सरळ, करंगळी बाहेर वळलेली.

त्या दिवसापासून बारकू पावलाशेजारी काटे फुलवून बसू लागला. दुखवट्याला जो येईल त्याला सांगू लागला, "पाय पुसा. कडेकडेने चाला. चुलीकडे जाऊ नका."

घोण आजोबांनी पायपुसण्यावर पहिला पाय ठेवला तेव्हा सूर्य उगवत होता. अठ्ठावन्नाव्या पायाशी त्यांची मोजणी चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे ससे, हरणं, दोन रानडुकरं रांगेत उभी. दुपार झाली तशी ती रांगेतच रडली आणि आपापल्या घरी गेली.

जंगलभर बारकूचं नाव झालं. "एवढा भाऊ गेला, पण पोराने गालिच्याकडे दुर्लक्ष केलं नाही," असं जो तो आपल्या मुलांना सांगू लागला.

शेजारची मुंगसीण काकू तर भारावूनच गेली. स्वच्छतेतलं तिला सगळं कळायचं.

"बारक्या, चुलीपाशी तेवढा एक डाग राहिलाय हं. लिंबू चोळू का?"

"नको काकू. तुम्ही बसा."

"बसून डाग जातो होय रे?"

दुसऱ्या दिवशी तिने रिठे आणले. तिसऱ्या दिवशी ताक. बारकूला झोप लागेना.

दहावा दिवस आला. त्या जंगलात एक रीत होती. गेलेल्याच्या नावाने घरात पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि तो पुढे कोणत्या जन्माला गेला, ते पिठात उमटलेल्या पावलावरून ओळखायचं. त्या पिठाला कुणी हात लावत नसे. बारकूला युक्ती सुचली. त्याने दादाच्या पावलावरच पीठ पसरलं, टोपली झाकली आणि निर्धास्त मनाने आईबरोबर नदीवर गेला.

इकडे मुंगसीण काकू पिठलं-भाकरी घेऊन आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. तिने टोपली उचलून पाहिली. रीतबीत तिच्या ध्यानातच आली नाही; तिला दिसली ती डागावर पांढरी पावडर. वर झाकण. काकू समजायचं ते समजली.

मायलेक परतले तेव्हा ती दारातच उभी होती.

"पावडर काय मुरवली होतीस रे. एका झाडणीत डाग साफ. कुठून आणलीस?"

बारकूने आत पाहिलं. गालिचा लखलखीत होता. तो तसाच मागे वळला, नदीकाठच्या चिखलात चारी पाय बुडवले आणि परत आला. दारापासून चुलीपर्यंत चालला. चुलीपासून दारापर्यंत चालला. काकू कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

मग बारकूने मागे वळून पाहिलं. चार बोटं सरळ, करंगळी बाहेर वळलेली. लहानपणी त्याचं अख्खं पाऊल दादाच्या पावलात मावायचं. आता मापाला माप होतं.

आईने वाकून एका पावलावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग डोळे पुसत म्हणाली, "पाय पूस की. म्हशीसारखा काय शिरतोस?"

दहा दिवसांत बारकू पहिल्यांदा हसला. त्याने चुलीपाशी आणखी एक पाऊल मुद्दाम दाबून उमटवलं.

जंगलाने अर्थातच त्याला नावं ठेवली. फक्त घोण आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि सगळ्या पायांनिशी सरळ आत शिरले. चुलीपाशी टेकत म्हणाले, "आता सांग, दगडू गेला तरी कसा?" आणि बारकूने पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

तात्पर्य : वर्दळीच्या जागी गालिचा स्वच्छ ठेवायचा, तर बाळांनो, लिंबू, रिठे, ताक सगळं व्यर्थ. खात्रीचा उपाय एकच. घरात वर्दळ करणारं कुणी ठेवू नये.