जिवंत आजीची रजा

मूल शाळेत हजर असलं की घडतं आणि गैरहजर असलं की बिघडतं, हे आता निर्विवाद सिद्ध झालं आहे. हजर मूल वर्गात नेमकं काय करतं यावर संशोधन झालेलं नाही, आणि त्याची गरजही नाही. बाकावर बूड टेकलं की राष्ट्राची प्रगती सुरू होते.

या बाबतीत आमच्या हार्क्लॉ गावच्या प्राथमिक शाळेने इंग्लंडातल्या उभ्या लँकशर परगण्यापुढे आदर्श ठेवला आहे. दर शुक्रवारी सर्वाधिक हजेरीच्या वर्गाला एक कापडी अस्वल बक्षीस मिळतं. ते आठवडाभर वर्गातल्या खुर्चीवर बसतं. बोलत नाही, विचारत नाही, कुठे जात नाही. (मुलांना आदर्श विद्यार्थी म्हणून तेच दाखवतात.) एकदा एक पोरगा कांजिण्यांनी फुललेलं अंग घेऊन केवळ अस्वलासाठी वर्गात आला. अस्वल मिळालं. पुढच्या आठवड्यात ते वर्गात एकटंच होतं.

मुख्याध्यापिका पार्जिटरबाई अत्यंत न्यायी आहेत. सत्र चालू असताना सहलीसाठी रजा नाही. पोरं नेलीत तर आईबापांना दंड. अपवादात्मक परिस्थितीत मात्र रजा मिळते. अपवादात्मक परिस्थिती कोणती, ते बाईंना पाहताक्षणी कळतं, आणि आजवर त्यांना ती एकच दिसली आहे : मृत्यू. सख्खी आजी गेली तर अंत्यविधीसाठी रजा, आणि गाव लांब असेल तर जाण्यायेण्यासकट आख्खा आठवडा.

याचा परिणाम गावातल्या आज्यांच्या प्रकृतीवर झाला. विमानाची तिकिटं स्वस्त असतात तेव्हा, म्हणजे साधारण जूनमध्ये, त्या पटापट जातात. शाळेला सुटी लागली की मृत्युदर शून्यावर येतो, कारण सुटीत मरणं कुणालाच परवडत नाही. एका वर्षी दोनशे मुलांच्या या शाळेत तीनशे अकरा आज्या वारल्या. मुलं परत येतात ती दुःखाने चांगली रापलेली असतात. (शोक अनावर झाला की नाकाची सालटं निघतात.)

एंटविसल कुटुंबाने मात्र खरं बोलून पाहिलं. माणसं भाबडी. क्लाइव्ह बसगाड्या दुरुस्त करतो, त्याची बायको लिनेट औषधांच्या दुकानात असते, मुलगी टिली आठ वर्षांची. चौथी क्लाइव्हची आई हिल्डा, जिने याच शाळेच्या भोजनगृहात उभी हयात वाढपीण म्हणून काढली. जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने हिल्डाला सांगितलं, नजर मधल्या भागातून विझत चालली आहे. पानगळीपर्यंत नातीचं तोंडही दिसणार नाही.

हिल्डाने एकच मागितलं. तिचा जन्म पार उत्तरेकडच्या एका बेटावरचा. तिथल्या कड्यावर पफिन पक्षी येतात : बुटके, पांढऱ्या पोटाचे, चोच अशी रंगवलेली की लग्नालाच निघालेत. ते तिला टिलीला दाखवायचे होते, दोघींना दिसताहेत तोवर. पण शाळेला उन्हाळी सुटी लागायच्या सुमाराला पफिन समुद्रावर निघून जातात. (पक्ष्यांनी शाळेचं वेळापत्रक मागवून घेतलेलं नाही. त्यांची पिल्लं काय शिकणार!) मेच्या सुटीत पक्षी होते, पण तेव्हा डोळ्यांनी काही कळवलं नव्हतं.

क्लाइव्ह आणि लिनेट शाळेत गेले.

"आजींची तब्येत कशी आहे?" पार्जिटरबाईंनी विचारलं.

"तशी ठणठणीत आहे," क्लाइव्ह म्हणाला. "फक्त डोळे जातायत."

"म्हणजे जिवाला धोका नाही?"

"नाही हो."

"अरेरे," बाई खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणाल्या. "मग मला काहीच करता येणार नाही."

"आणि उद्या ती गेलीच तर?" लिनेटने विचारलं.

"तर टिलीला अवश्य न्या. आजीला भेटायला निघालेल्या मुलीला अडवण्याइतकी मी निर्दय नाही."

घरी हे ऐकून हिल्डाने चहाचा कप खाली ठेवला. "मग मारा की मला! ऐंशीची झाले, मरून तरी उपयोगी पडते."

"सासूबाई, असलं अभद्र बोलू नका."

"अभद्र कसलं त्यात? शेजारची डोरीन तीन नातवंडांसाठी तीनदा मेली. दोनदा स्पेनला, एकदा तुर्कस्तानला. मी जन्मात एकदा मरते म्हणाले तर माझ्याच तोंडाला कुलूप!"

सोमवारी क्लाइव्हने शाळेला फोन केला. आई गेली, अंत्यविधी बेटावर आहे. रजा तत्काळ मंजूर झाली. इतकंच नव्हे, शाळेने हजेरी अधिकारी टॅटर्सल याला फुलं देऊन सांत्वनाला पाठवलं. (मरण खरं आहे ना, हेही त्याने जाता जाता बघायचं होतं.)

दार हिल्डाने उघडलं.

टॅटर्सल याच शाळेत शिकलेला. पाच वर्षं हिल्डाच्या हातचं जेवलेला. पण आमच्याकडे माणूस बुडत असला तरी आधी अडथळा केल्याबद्दल माफी मागतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं सत्य तो कसा उच्चारणार?

"फार वाईट झालं," टॅटर्सल म्हणाला.

"हो ना," हिल्डाने फुलं घेतली. "अचानकच."

"त्रास झाला का फार?"

"छे! चहा पिता पिता गेली. तू घेतोस ना?"

दोन कप झाले. केकचा एक तुकडा झाला, मग दुसरा.

"चांगली बाई होती," टॅटर्सल छताकडे बघत म्हणाला. "मला कस्टर्ड नेहमी जास्त वाढायची."

"तू रडायचास म्हणून रे, बाळ."

त्याने शाळेला कळवलं : मृत्यूची समक्ष खात्री केली, मृत व्यक्ती अत्यंत अगत्यशील होती.

बेटावर वारा होता. हिल्डा कड्यापासून जरा अलीकडे खुर्चीत बसली. जिकडे बघावं तिकडे मधोमध काळोख, त्यामुळे तिला पक्षी काही सापडेना. टिलीने तिची हनुवटी धरून मान वळवली. "आजी, समोर नको बघू, तिरकं बघ. अजून. तो, चोचीत मासे धरलेला."

हिल्डाने मान आणखी तिरकी केली. मग म्हणाली, "दिसला! मेल्याने मिशा ठेवल्यात!"

टिलीचं जे शैक्षणिक नुकसान झालं, ते हेच. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाने 'समुद्रपक्षी' हा धडा घेतला आणि कागदावरचा पफिन रंगवला. राहिलेला अभ्यास म्हणून टिलीला मधल्या सुटीत एकटीला बसवून तो रंगवायला लावलं. तिने पाय कड्यावर पाहिले तसे नारिंगी रंगवले. वर्गातल्या बाईंच्या नमुन्यात ते पिवळे होते. टिली चुकली.

शाळेने दिवंगत हिल्डाच्या स्मरणार्थ भोजनगृहात एक पाटी लावली. अनावरणाला हिल्डा गेली आणि टाळ्या वाजवून आली. कुणीही काही बोललं नाही. सँडविचं छान होती.

नोव्हेंबरात तिला न्यूमोनिया झाला, आणि तो खरा होता. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवा. टिलीला वर्गातून आणायला लिनेट धावत शाळेत गेली.

"समजू शकते," पार्जिटरबाई म्हणाल्या, "पण नोंदीप्रमाणे त्या गेलेल्या आहेत. एका मुलीची एकच आजी दोनदा मरू लागली, तर बाकीच्या मुलांवर अन्याय होईल."

लिनेटने परत येऊन सासूच्या कानाशी तसंच्या तसं सांगितलं. हिल्डाने डोळे न उघडता विचारलं, "नाताळची सुटी कधी लागते?"

"अजून पाच आठवडे आहेत."

"तोवर औषध दे."

आणि ती बरी झाली. आजही आहे. दिसत काही नाही, पण रोज सकाळी टिलीला विचारते, शाळा चालू आहे ना? चालू असली तर गोळ्या घेते. वैद्यकशास्त्राला जमलं नाही ते शाळेच्या नियमाने करून दाखवलं, याबद्दल पार्जिटरबाईंचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तुम्ही इथवर हसत आलात, बरं वाटलं. आता तुमचं सांगा. तुमच्या गावी पार्जिटरबाई नाहीत. दंड नाही, दारात टॅटर्सल नाही. कुणी अडवलेलं नाही. तुमची म्हातारी फोनवर 'कधी येतोस' विचारते आणि तुम्ही म्हणता, 'बघू, सुटीत.' तिला तुमचं तोंड दिसतंय तोवर एकदा जावं, इतकी अपवादात्मक परिस्थिती तुम्हाला अजून दिसलेली नाही. अंत्यविधीला मात्र तुम्ही पहाटेची गाडी पकडून वेळेवर पोचाल, त्यात शंका नाही. हजेरी शंभर टक्के.

पत्ता कळवा. अस्वल पाठवतो.