डॉक्टरांना घातलेला नमस्कार

"धीर? अहो वहिनी, धीर आमच्याकडून शिकावा!" गुणाजी फोनवर छाती पुढे काढून म्हणाला. "देवळाच्या गार फरशीवर रात्ररात्र कीर्तन ऐकलंय. बुवांनी पूर्वरंगच पहाटेपर्यंत ताणला, तरी हा गडी मांडी बदलेल तर शपथ! इथं तर एसी आहे, गादीची खुर्ची आहे!"

पलीकडे देवरुखात तुळसाबाई मुसमुसत होत्या. त्यांचा मुलगा समाधान सौदीत, राबिघच्या कामगार कॅम्पात गुणाजीच्याच खोलीत राहायचा. सकाळी त्याचं अपेंडिक्स फुटलं आणि आता जेद्दाच्या इस्पितळात तो ऑपरेशन टेबलावर होता.

"पोर डोळे उघडेल तेव्हा आपलं माणूस समोर दिसू दे रे बाबा. परक्या मुलखात घाबरेल."

"समोर मीच! शब्द दिला!"

फोन बंद झाला आणि धीरही बंद झाला! गुणाजी उठला, काउंटरवर गेला, परत आला, पुन्हा गेला. घाण्याचा बैल तरी मध्ये थांबत असेल.

"सबर, सदीक, सबर!" धीर धर मित्रा, असं अरबीत विनवत काउंटरवरचा माणूस हात जोडायच्या बेतात आला.

"भाईजान, आपके चलने से फर्श घिस रहा है, ऑपरेशन जल्दी नहीं हो रहा," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. पांढरीशुभ्र दाढी, पांढरा कुर्ता. हे सिराजुद्दीन, जेद्दाच्याच अझीझिया भागातले शिंपी. त्यांनी डबी पुढे केली. "खजूर लीजिए."

"आज एकादशी है, मेरा उपवास…" गुणाजी थबकला. "पण खजूर चालतो!"

एक खजूर त्याने तोंडात टाकला.

"मेरी बेगम साबिरा अंदर हैं," सिराजुद्दीन हळूच म्हणाले. "रोज़ उनके बोलने से परेशान रहता हूँ. आज सुबह से आवाज़ नहीं सुनी, तो कान दुख रहे हैं."

गुणाजीला गलबलून आलं. दुःख हलकं करायचा त्याच्याकडे एकच उपाय होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने गजेंद्राचं आख्यान लावलं! सोंड वर करून दाखवली, मगरीचा जबडा केला, मध्येच खालच्या पट्टीत एक आलापही घेतला. मगर पाय सोडेना, गजेंद्र हाक सोडेना!

"फिर? आया कोई?" सिराजुद्दीन खुर्चीच्या टोकावर आले.

तेवढ्यात दार उघडलं आणि हिरव्या टोपीतले सौदी डॉक्टर बाहेर आले. "समाधान? तमाम! ओके!" अरबीत तमाम म्हणजे सगळं उत्तम.

बास! कीर्तनात बुवांच्या पायी लोटांगण घालायची जन्माची सवय. गुणाजी डॉक्टरांच्या बुटांवर धाडकन पडला, डोळ्यांतून धारा!

डॉक्टर दोन हात मागे उडाले आणि ओरडले. शिट्टी वाजल्यासारखी माणसं धावली. स्ट्रेचर आलं!

"अरे, मी बरा आहे! नमस्कार केला!" गुणाजी मराठीत ओरडला. पेशंट बरळतोय म्हणून त्यांनी पट्टे आवळले. प्रेशर मोजलं, तर आकडा माडावर चढावा तसा सरसर चढलेला! लागलीच इंजेक्शन.

"सिराजभाई!" स्ट्रेचरवरून गुणाजीने टाहो फोडला. "मेरे लडके के सामने जाओ! आँख खुलने से पहले!"

सिराजुद्दीन कुर्ता सावरत धावले.

थोड्या वेळाने सांगलीची सिस्टर रूपाली आली. "काका, इथं देवाशिवाय कुणापुढं असं लोटांगण घालत नाहीत. त्यांना वाटलं, तुम्ही कोसळलात!"

"कळलं गं बाई! मग सोड की मला!"

"प्रेशर उतरल्याशिवाय नाही. धीर धरा."

आता हीसुद्धा तेच म्हणते! पण पोरगी मायाळू. तिने त्याची खाट ढकलत समाधानच्या शेजारी नेली.

समाधान जागा होता. त्याचा हात सिराजुद्दीनांच्या दोन्ही हातांत होता. साबिराबींचं ऑपरेशनही 'तमाम' झालं होतं. शुद्धीवर येताच त्यांनी नवऱ्याला झापलं, असं ते अभिमानाने सांगत होते.

"काका, मी डोळे उघडले तर समोर पांढरी दाढी!" समाधान पुटपुटला. "म्हटलं, आटपलं आपलं! पण हे बाबा म्हणाले, बेटा, डर मत, हम तेरे घर के हैं."

इतक्यात तुळसाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सिराजुद्दीनांना बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "देवासारखे बसलात हो माझ्या लेकराजवळ!"

मग समाधानने फोन शेजारच्या खाटेकडे वळवला. तुळसाबाईंनी कपाळाला हात लावला.

"गुणाजी, तुला तिथं बसायला सांगितलं होतं रे, निजायला नाही!"