युवराजाची छाती चौतीस

वारूळवाडीच्या निवृत्तीभाऊंच्या कादंबरीत कोणीही नुसता प्रवेश करत नसे. मापासह करी. ‘तेवढ्यात महाअमात्य वक्रदंत दरबारात आला. त्याच्या कपाळावर तिसरा डोळा होता, कंबर चव्वेचाळीस, उजवा खांदा अर्धा इंच खाली.’

निवृत्तीभाऊ शिवणकाम करत. नारायणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. एक मशिन, गिऱ्हाइकांसाठी बाकडं आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही. कादंबरी त्याच वहीत मागच्या बाजूनं लिहिलेली असे. पुढून गाव, मागून मेघगडचं राज्य. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तालुक्याच्या बातम्या पाठवत असे, तेव्हा पाचवी वही चालू होती.

मेघगडात उडते घोडे होते, शाप होते, एक बोलणारी विहीर होती. मुख्य धंदा मात्र राजकारणाचा. अठरा मंत्री, त्यांतले अकरा फितूर. मी एकदा विचारलं, एवढी कारस्थानं सुचतात कुठून? टीव्हीवरून?

“टीव्हीवाल्यांनी ग्रामपंचायत कुठं बघितलीय, राव?” भाऊ म्हणाले.

पात्रांची नावं त्यांनी काळजीपूर्वक बदलली होती. कोणाला शिंगं लावली होती, कोणाला पंख. मापं बदलायचं मात्र त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते बदलणारे नव्हते. “मी माप खोटं लिवनार न्हाई,” हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत.

दुपारी काम कमी असलं की ते मोठ्यानं वाचत. एकदा सरपंच सफारीचं बटण लावून घ्यायला येऊन बसले होते. वक्रदंत दरबारात शिरला आणि सरपंचांनी स्वतःच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

“निवृत्ती, ह्यो वक्रदंत म्हंजी मी का रं?”

“न्हाई वो सरपंच. त्याला तिसरा डोळा हाय.”

“आन आजून काय हाय त्याला?”

“दोन बायका.”

सरपंच उठले. “मारू नगो त्याला एवढ्यात,” म्हणाले आणि बटण न लावताच निघून गेले.

त्यानंतर गावाला जाग आली. पँट शिवायला आलेला माणूस आधी मेघगडातलं आपलं भवितव्य विचारू लागला. उपसरपंचांनी कादंबरीतली कंबर दोन इंच कमी करण्याची विनंती केली. पँट आहे त्याच मापाची हवी होती. विनंती फेटाळली गेली.

पुढे सगळे फितूर मेले किंवा पश्चात्ताप पावले. गादी रिकामी झाली आणि कादंबरी अडली. परागंदा युवराज अरुणकेतू, छाती चौतीस, याचा राज्याभिषेक तेवढा उरला होता. वर्ष गेलं, दुसरं गेलं.

“झाला का राज्याभिषेक?” मी विचारी.

“अंगरखा बेतायचाय.”

“चौतीस लिहिलंय की.”

“ते जुनं माप हाय.”

चौतीस कोणाची, हे गावाला ठाऊक होतं. भाऊंचा धाकटा भाऊ पंढरी मागे पंचायतीला उभा राहिला होता. त्याच्या विरोधकानं निकालाआधीच मिरवणुकीसाठी सफारी शिवायला टाकली. गिऱ्हाईक म्हणून भाऊंनी ती शिवली, इस्त्री करून दुकानात टांगली. पंढरीनं ती पाहिली. आठवड्यानं तो निवडणुकीत पडला आणि बायकोमुलांसह सासुरवाडीला, शिनोलीला, गेला तो परत आला नाही. ती सफारी सरपंच अजून वापरत.

एकदा रस्त्याच्या बातमीसाठी मी शिनोलीला निघालो होतो. भाऊंनी मशिन थांबवलं नाही.

“पंढरी दिसला तर बघा, अंगानं कसाय.”

“काही निरोप?”

“निरोप कशाला? कादंबरीसाठी इचारतोय.”

पंढरी गिरणीपाशी भेटला, खांद्यावर दळणाचं पोतं. मी कादंबरीचं आणि मापाचं सांगितलं.

“आजून लिवतो व्हय?” तो हसला. “मला मारला आसंल पहिल्याच वहीत.”

“नाही. तुमच्यावाचून गादी रिकामी आहे.”

त्याचं हसू थांबलं. त्यानं पोतं खाली ठेवलं, ताठ उभा राहिला, नजर समोर, हात अंगापासून थोडे दूर. शिंप्यासमोर माणूस उभा राहतो तसा. माझ्याकडे टेप नव्हता. पोत्याची सुतळी सोडून मी त्याच्या छातीभोवती धरली, गाठ मारली.

“पोटाचं बी घ्या,” तो म्हणाला. “न्हायतर शर्ट बसायचा न्हाई.”

मी दुसरी गाठ मारली.

वारूळवाडीत भाऊंनी ती सुतळी टेपावर ताणली. एकदा, मग पुन्हा.

“चाळीस. लई सुटलाय.”

त्यांनी खिळ्यावरची वही काढली, मागून उघडली. थोडा वेळ पाहिलं, मग मिटून उलटी केली आणि पुढच्या बाजूला, गावाच्या पानावर, लिहिलं: पंढरी, छाती ४०, पोट ४२.

मेघगडची गादी माझ्या माहितीप्रमाणे अजून रिकामी आहे. शर्ट चार दिवसांत झाला, पांढरा, साधा. तो कागदात गुंडाळून भाऊ दुकानाला कुलूप लावत होते, तेव्हा मी समोरून जात होतो.

“शिनोलीला जायला मंचरला गाडी बदलावी लागती,” त्यांनी विचारलं, “का डायरेक्ट हाय?”