आबाचं उघडं दार

त्या वसतिगृहात सगळ्यांची दारं बंद असायची, फक्त आबाचं सताड उघडं. तिकडची दारं सोडली की आपोआप मिटतात, आगीच्या भीतीनं तशीच बसवलेली असतात. आबानं त्यावर उपाय काढला होता. तो दाराला लोखंडी खलबत्ता टेकवून ठेवायचा.

आबा म्हणजे कोणी म्हातारा नव्हे हो. माझ्याच वर्गातला, दोंडाईच्याचा मुलगा. जळगावच्या आमच्या कॉलेजातून एका सत्रासाठी जर्मनीला धाडलं ते आम्हा दोघांनाच. पण चालणं सावकाश, बोलण्याआधी घसा खाकरायचा, खुर्चीत बसताना "हे माय" म्हणून उसासा टाकायचा. त्यामुळे पहिल्या वर्षापासून तो सगळ्यांचा आबाच. मी जळगावातल्याच मेहरूणचा, घरी शाळेच्या पुस्तकातली मराठी. आबा सरळ अहिराणीत सुरू व्हायचा, मग समोर कोणीही उभा असो.

खलबत्ता त्याच्या आईनं ठेच्यासाठी दिलेला. विमानतळावर बॅग जड भरली तेव्हा आबानं सगळे स्वेटर काढून एकावर एक अंगात चढवले, पण खलबत्ता काही बाहेर काढला नाही. विमानात घामानं निथळत बसला होता. मी ओळख दाखवली नाही.

मला तर उतरल्या दिवसापासून शीण आला होता, तो जाता जाईना. माणसं वाईट नव्हती. हसायची, नमस्कार करायची आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. सूर्यही दुपारीच दुकान बंद करायचा. मला झोप फार यायची. उठून तरी काय करायचं, म्हणून परत झोपायचो. वर्ग बुडायला लागले. घरून फोन आला की घसा साफ करून मजेत आहे म्हणून सांगायचो.

त्यात आबाची खोली माझ्या अगदी समोर. त्याच्या उघड्या दारातून फोडणीचा वास यायचा आणि फोनवरचा आवाज यायचा. जर्मनीत असो की जपानात, आबा आईशी बोलायचा ते शेताच्या बांधावरून हाक मारावी तसं. शेवटी ठरलेलं वाक्य, "बठ्ठं बराबर शे, माय." सगळं ठीक आहे म्हणे. त्या दिवशी परीक्षेत नापास झालेला असो, भात करपलेला असो, बठ्ठं बराबरच. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दारातूनच "जेवन झायं का?" विचारायचा. पलीकडच्या खोलीतला पोर्तुगालचा मुलगा सुरुवातीला घाबरून पळायचा, पुढे पुढे तोही "झायं" म्हणायला लागला. मला ही हाक दिवसातून कितीदा यायची, विचारू नका. मी आतूनच हं म्हणून कूस बदलायचो.

इमारतीची देखरेख करणारे एक उंच, गंभीर गृहस्थ होते. आबा त्यांना नाना म्हणायचा. नानांनी आधी खलबत्ता जप्त केला. आबानं चप्पल लावली. चप्पल गेली, तांदळाची पिशवी आली. पिशवीही गेली तेव्हा आबा स्वतःच उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसला, हातात पुस्तक, ओट्यावर बसावं तसा. दार त्याच्या पाठीला टेकलेलं. का रे बाबा, म्हणून मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाला हवा येवाले पायजे ना भो. बाहेर बर्फ पडत होता.

मग शेवटची ताकीद आली. आता दार उघडं दिसलं तर खोली काढून घेणार. त्या गावात दुसरी खोली मिळणं मुश्कील, म्हणजे सरळ परतीचं विमान. आणि दोंडाईच्याला स्टँडजवळ आबाचा बॅनर लागलेला, डोक्यावरून विमान उडतंय असा. बॅनर अजून उतरला नाही आणि माणूस बॅग घेऊन दारात, काय तोंड दाखवणार?

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आपला उंबऱ्यावर हजर. नानांनी माझं दार वाजवून मला उठवलं, कारण मी पुण्याला जर्मनचा क्लास केलेला. मी डोळे चोळत बाहेर आलो. नाना ओरडले नाहीत. तेही दमलेले दिसत होते. त्याला एवढंच विचार म्हणाले, की तो असं का करतो?

मी विचारलं. आबानं घसा खाकरला, आणि पहिल्यांदाच हवेचं नाव काढलं नाही.

"त्याले सांग, हाऊ समोरना पोऱ्या दिन-दिन बाहेर निंघत नही. जेवत नही. मी दार लाई लिधं, तं तो शे का नही हाई मले कसं समजी?"

समोरचा पोऱ्या म्हणजे मी. नाना माझ्याकडे बघत थांबले होते.

हवा पाहिजे म्हणतोय, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण आबाची खोली जाणार होती, माझ्यापायी. मी शब्द शोधत शोधत सगळं सांगितलं. समोरचा मुलगा मीच, हेही सांगितलं. मला इथं करमत नाही, मला फार एकटं वाटतं, हे मी पहिल्यांदा कोणाला तरी बोललो, तेही परक्या भाषेत, आणि बोलता बोलता मला रडू आलं.

नाना खाली गेले आणि खलबत्ता घेऊन आले. तो आबाच्या हातात देऊन म्हणाले, दार बंदच ठेवायचं. पण दोघांनी एकाच दाराच्या आत बसू नये, असा काही नियम नाही.

आबाला मी ते मराठीत सांगितलं, तसं त्यानं खुर्ची उचलली. त्याच्या खोलीचं दार मिटलं. मग खुर्ची, खलबत्ता, मिरच्या आणि लसूण घेऊन तो माझ्या खोलीत आला, हे माय म्हणून बसला आणि कुटायला लागला. मला वाटलं काही समजावेल, पण तो फक्त मीठ कुठे ठेवलंय ते विचारत होता.

तेवढ्यात जळगावहून आईचा फोन आला. मी घसा साफ करायला लागलो, तर आबानं ठेच्याच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"काकू, बठ्ठं बराबर शे," तो नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "शे ना?"

मी घरी कधी अहिराणी बोललो नव्हतो.

"शे," मी म्हणालो.